वहिनीचं वावर आणि वेडी बाभूळ

वेडी बाभूळ कापणं आणि वेडी बाभूळ काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. कापायला कुऱ्हाड लागते. काढायला काय लागतं ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

वावर माझ्या भावाचं. जळगावहून धुळ्याकडे निघालं आणि पारोळा मागे पडलं की काही वेळाने एक फाटा लागतो. तिथे एसटीतून उतरून आत चालत गेलं की आमचं गाव, आणि गावाच्या पलीकडे, नाल्याला लागून हे वावर. भावाला अर्धांगवायू झाला तेव्हापासून ते पडीक होतं. त्याला उठवणं, बसवणं, भरवणं यात वहिनीचे दिवस गेले आणि शेताकडे कुणी फिरकलं नाही. नाल्याच्या काठाला वेडी बाभूळ आधीपासून थोडीफार होतीच. ती बांधावर चढली, बांधावरून आत उतरली आणि भाऊ गेला तोवर वावरात शिरायला वाट उरली नव्हती. रस्त्यावरून सगळं हिरवंगार दिसायचं. परका माणूस म्हणाला असता, काय सुरेख रान आहे.

भाऊ थंडीत गेला. तेरावं झाल्यावर, पाहुणे पांगले तेव्हा पुतण्याने विषय काढला. तो सुरतला कापडाच्या कारखान्यात आहे. दोन खोल्या, बायको, दोन लहान मुली. मुलगा चांगला आहे, हे आधीच सांगते, कारण पुढे तो वाईट वाटण्याची शक्यता आहे.

"माय, आता इथे एकटी काय करशील? माझ्यासोबत चल," तो म्हणाला. "वावर सोलरवाल्यांना भाड्याने देऊ. ते गावात फिरतायत. त्यांना काय, बाभूळ असो की खडक असो."

वहिनी भांडी पालथी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मी वावर पेरसू."

ओट्यावर बसलेले शेजारचे नाना हसले. "कोणतं वावर? वहिनी, तठे बकरी घुसस, माणूस नही घुसत!"

सगळे हसले. वहिनी हसली नाही. पुतण्याला ते दिसलं. त्याने एक सौदा मांडला. या पावसाळ्यात वावर पेरलं गेलं, तर मायने गावातच राहायचं, तो पुन्हा विषय काढणार नाही. नाही पेरलं गेलं, तर सुरतला यायचं आणि रडायचं नाही. वहिनी म्हणाली, चालेल. आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

ती माझ्याकडे का पाहते हे विचारायची गरज नव्हती. मी जळगावात एका कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक आहे. प्रवेश, परीक्षा, निकाल, सगळं क्रमाने लावणं हाच माझा धंदा. घरात लग्न असो की मयत, आखणी माझ्याकडे येते. जळगावच्या एसटीत बसल्या बसल्या मी लिहून काढलं: आधी वाट, मग झाडं, मग बुडखे, मग नांगरट, मग खत, मग बियाणं. सहा ओळी. कागदावर फार सोपं काम दिसत होतं.

झाडांचं काम खरंच सोपं निघालं. वेड्या बाभळीचा कोळसा करणारे लोक असतात. ते झाडं कापतात, लाकूड नेतात, आपल्याला फक्त हो म्हणायचं असतं. ते आले, नाल्याकडून सुरुवात करून आत सरकत गेले आणि मी पुढच्या रविवारी गेले तर वावरात आभाळ उतरलं होतं. भावाचा बांध दिसला. विहिरीचा कठडा दिसला. वहिनी वावराच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती, जणू हरवलेलं जनावर सापडलं आहे आणि आता ती त्याच्या अंगावरच्या जखमा पाहते आहे.

गावातली एक म्हातारी मात्र रागावून आली. तिच्या दोन शेळ्या या बाभळीच्या शेंगांवरच जगत होत्या आणि तिची चूल या काटक्यांवर.

"अक्का," ती मला म्हणाली, "बठ्ठं काढी टाकी राहिनात का? मंग आमी चुल्हा कशावर पेटाडसूत?"

मी म्हटलं, "आजी, हे काटे पडलेत ना, घेऊन जा की सगळे."

"काटा तुमी ल्या. माले लाकडं द्या."

वहिनीने तिला बांधावरचे दोन जाड ओंडके काढून दिले. म्हातारीने ते नेताना पुन्हा पुन्हा मागे वळून पाहिलं, आम्ही परत मागू की काय म्हणून.

मी यादीतल्या दुसऱ्या ओळीवर रेघ मारली आणि कॉलेजच्या परीक्षांमध्ये अडकले. पुन्हा गेले तेव्हा प्रत्येक बुडख्यातून फांद्यांचा झुपका फुटला होता. एक खोड कापलं तिथे आता डझनभर कोवळे, लवचीक फोक, आणि प्रत्येक फोकाला जुन्या झाडापेक्षा जास्त काटे. पाणी कुणी घातलं नव्हतं. ऊन तापलेलं, विहिरीने तळ गाठलेला, गावात टँकर चालू, आणि ही बया मात्र पोपटी पानांनी डोलत होती.

"राग ऊना तिले," वहिनी म्हणाली.

बुडखे जमिनीखालून काढायचे म्हणजे जेसीबी हवा. जेसीबीवाला यायला तयार झाला, पण मध्ये आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि पुरुष पत्ते खेळायला बसतात ते उठत नाहीत. जेसीबीवालाही बसला. मी त्याला फोन करायचे. तो उचलायचा, मागून पत्ते आपटल्याचा आवाज यायचा, आणि तो म्हणायचा, "ताई, एवढा डाव झाला की निघालोच." मी त्याला एकदा विचारलं की हा एकच डाव किती दिवस चालतो. तो म्हणाला, "ते पानांवर आहे ताई."

भावाची ती पहिली आखाजी. वहिनीने त्याच्या नावाने घागर भरली, आंब्याच्या रसाचा आणि सांजोरीचा नैवेद्य दाखवला, आणि जेवण झाल्यावर कुदळ घेऊन वावरात जायला निघाली. मी तिला अडवलं नाही, तिच्यामागून गेले. आम्ही दोघींनी मिळून त्या दुपारी एक बुडखा काढला. एकच. कुदळीने भोवती खणायचं, पहार खाली घालायची, तिच्यावर दोघींनी वजन टाकायचं. मुळं सरळ खाली गेलेली, जणू काही खाली कुणीतरी ती धरून बसलं आहे. शेवटचं मूळ कटकन तुटलं तेव्हा आम्ही दोघी मागे बसकण मारून पडलो. वहिनी हसली. तेराव्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग तिने उरलेल्या वावराकडे पाहिलं आणि ते हसू संपलं.

जेसीबी आला आणि बहुतेक बुडखे निघाले. जे बांधाला आणि विहिरीला चिकटून होते ते हातानेच काढावे लागले. मी दर शनिवारी संध्याकाळी यायचे आणि रविवारी दुपारनंतर जायचे. मजूर मिळाले तर मजूर, नाही तर आम्ही दोघी. कापताना काटा बोचतो ते एक वेळ चालतं. मातीत पडलेला, वाळलेला काटा जास्त वाईट. तो चपलेच्या तळातून सरळ वर येतो. ट्रॅक्टरचं चाक त्याने पंक्चर केलं. वहिनीच्या टाचेत एक गेला आणि आत मोडला. तिने सुईने उकरून पाहिलं, रुईचा चीक लावला, काटा काही वर आला नाही. पाय सुजला. मी पारोळ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काटा काढला आणि विचारलं, "या वयात हे काम कशाला करता?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घरचं आहे.

त्या काळात मला कार्यालयात खुर्चीवर बसल्या बसल्या झोप यायची. बोटांची पेरं सुजलेली असायची. खातेप्रमुखांच्या सभेत मी टिपणं घेत होते आणि माझ्या तळहातातून एक काळं कुसळ वर येत होतं. मी ते शेजारच्या बाईंकडून टाचणी घेऊन काढलं.

मे संपत आला तेव्हा वावर नांगरून झालं. वर्षानुवर्षं न पाहिलेली काळी माती वर आली. मोठी ढेकळं, त्यात मुळांचे तुकडे. ते आम्ही वेचून बांधावर रचले. पाचवी ओळ खताची होती. मी म्हटलं, दुकानातून पोती आणू. वहिनी म्हणाली, नाही. ती म्हणाली, "हे होतात तवा दरसाल मेंढ्या बसवेत. जमीन इतली वरीस उपाशी शे. तिले पोटभर देवाले पाहिजे."

आमच्या भागात ही जुनी पद्धत आहे. उन्हाळ्यात मेंढपाळ कळप घेऊन फिरतात. शेतकरी त्यांना रात्री आपल्या रिकाम्या वावरात मेंढ्या बसवायला सांगतो. मेंढ्या रात्रभर तिथे बसतात, लेंड्या आणि मूत मातीत पडतं, आणि पावसाळ्यात त्या जमिनीचं पीक पाहावं. मेंढपाळाला धान्य आणि जेवण द्यायचं. माझा भाऊ त्यासाठी वाट पाहून कळपाला गाठायचा. दुसऱ्याच्या वावरात मेंढ्या बसल्या की त्याला रात्री झोप लागायची नाही.

कळप नाल्याने येत होता. मी त्या रविवारी तिथेच होते. नाल्यात अजून उभ्या असलेल्या वेड्या बाभळींखाली मेंढ्या पसरल्या होत्या आणि खाली पडलेल्या पिवळ्या शेंगा कुरकुर वाजवत खात होत्या. मला तो आवाज आवडला. वहिनीने मेंढपाळासाठी आणि त्याच्या बायकोसाठी बाजरीच्या भाकरी थापल्या, वर ठेचा ठेवला आणि भरीत वेगळं दिलं. कळप वावराच्या वरच्या अंगाला बसवायला सुरुवात झाली. तिथून रोज खाली सरकवत न्यायचा असं ठरलं. पण अर्ध्या वावरापर्यंत आले आणि आभाळ भरून आलं. मेंढपाळाला पुढे घाटाखालच्या गावी पोहोचायचं होतं. तो कळप घेऊन निघाला.

वहिनी फार नाराज झाली. खालचं अर्धं वावर तसंच राहिलं. "अर्धं जेवनं, अर्धं उपाशी उठनं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला समजावलं की पुढच्या वर्षी खालून सुरुवात करू.

पाऊस झाला. वहिनीने आणि दोन बायांनी कपाशी लावली. वहिनीने मला फोनवर सांगितलं, "पेरं." म्हणजे पेरलं. एवढंच. मी सहावी ओळ खोडली आणि त्या रात्री मनसोक्त झोपले.

त्यानंतर मी दोन आठवडे गेले नाही. प्रवेश सुरू होते. वहिनीचाही फोन आला नाही. शेवटी मीच केला, तर ती नीट बोलेना. "ई जा," म्हणाली. येऊन जा.

गेले. वावराच्या बांधावर उभी राहिले. खालच्या अर्ध्यात कपाशीच्या ओळी सरळ, दोन दोन पानांच्या, मध्ये काळी स्वच्छ माती. वरच्या अर्ध्यात ओळीच दिसत नव्हत्या. नुसती पोपटी लव. मी खाली वाकले. नाजूक, पिसासारखी पानं. मी एक रोप उपटलं. ते बोटभर उंच होतं आणि त्याचं मूळ त्याहून लांब. काटा अजून आला नव्हता, पण जिथे येणार तिथे एक बारीक टोक होतं.

लेंड्या पावसाने फुटल्या होत्या आणि प्रत्येक ठिकाणी तीन-चार रोपांचा गुच्छ उभा होता. मेंढ्या जिथे बसल्या तिथपर्यंत बाभूळ, आणि जिथे त्या पोहोचल्या नाहीत तिथे कपाशी. मध्ये सीमा इतकी सरळ की कुणी दोरी लावून आखली असावी.

बांधावरून नाना आले. त्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही. "वहिनी," ते म्हणाले, "तुम्हनी पेरनी उशिरा व्हयनी. मेंढ्यासनी आधीच पेरी टाकं!"

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. नानांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग चपला काढून बांधावर ठेवल्या, आत उतरले आणि एका ओळीत बसून उपटायला लागले. नेहमीच्या सवयीने बडबडत राहिले, पण उठले नाहीत. नंतर म्हणाले की त्यांच्या वडिलांपासून सगळे मेंढ्या बसवतात. तेव्हा नाल्यात ही बाभूळच नव्हती, मग लेंड्यांत येणार कुठून? यावर मी फार विचार केला नाही. विचार करायला वेळ नव्हता. रोप लहान आहे तोवर हाताने निघतं. महिनाभराने त्याला कुदळ लागेल.

कोळप्याने ओळींच्या मधलं निघालं. ओळीतलं हातानेच. मी त्या दिवशी उकिडवं बसून इतकं पुढे सरकले की संध्याकाळी सरळ उभं राहता येईना. मागे वळून पाहिलं तर मी केलेलं अंतर एका खाटेच्या लांबीचं वाटलं.

पुतण्याचा फोन त्याच आठवड्यात आला. "फुई," तो म्हणाला. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. "माय म्हणते पेरलं. तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग? कसं आहे?"

त्याला काय सांगावं? मी खरं सांगायचं ठरवलं. अर्ध्यात कपाशी, अर्ध्यात बाभूळ, माय दिवसभर वावरात बसून असते, पाय पुन्हा दुखतो आहे. तो म्हणाला, "मी येतो."

तो आला. पोळ्याच्या आधीची गोष्ट. मीही आले होते. घरी न थांबता तो सरळ वावरात आला, हातात अजून बॅग. वहिनी ओळीत बसलेली. त्याने बॅग बांधावर टाकली, पँट दुमडली आणि तिच्या शेजारच्या ओळीत बसला. लहानपणापासून त्याने ही कामं केलेली, हात विसरलेले नव्हते. कपाशीच्या बुडाशी एक बोट ठेवायचं, दुसऱ्या हाताने नव्याने उगवलेली बाभूळ मुळासकट ओढायची, म्हणजे कपाशी हलत नाही. तिघं ओळीने पुढे सरकत होतो. फक्त मुळं सुटण्याचा आवाज.

"माय," तो शेवटी म्हणाला, "पुढच्या वर्षी पुन्हा येतील ना ह्या?"

"येतीन."

"आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

"मातीत जितल्या शेत तितल्या येतीन. कमी कमी येतीन."

"हे पेरणं झालं का? तूच सांग. झालं का हे पेरणं?"

वहिनी थांबली. तिने हातातली रोपं शेजारच्या ढिगावर टाकली आणि खालच्या अर्ध्या वावराकडे बोट केलं. तिथे कपाशी गुडघ्याला आली होती. "ते काय शे?"

त्याने तिकडे पाहिलं.

"आणि हाई," तिने दोघांच्या मधल्या ओळीतलं कपाशीचं रोप दाखवलं, किडमिडं, पिवळट, पण उभं. "हाई काय शे?"

सौदा पेरण्याचा होता. किती पिकेल याचा नव्हता, हे त्याला आठवत होतं आणि तो सौदा त्यानेच मांडला होता. दुपार टळली तेव्हा तो उठला, विहिरीवर हात-पाय धुतले आणि माझ्या शेजारी येऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, "फुई, तू सांगितलंस तर ती ऐकेल."

ते खरं होतं. मी सांगितलं असतं तर तिने ऐकलं असतं. आणि माझे रविवार मला परत मिळाले असते. मी त्या क्षणी तोंड उघडण्याच्या फार जवळ होते, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. मी दमले होते. मी म्हटलं, "तू विचार तिला. माझ्यासमोर विचार."

त्याने विचारलं. सरळ विचारलं, रागावून नाही: "माय, तू थकली नाहीस?"

वहिनीने पदराने कपाळ पुसलं. "थकवा ते शे ना. पन सुरतले बी थकवा येईच. तठे बसी बसी येई, इतलंच."

तो दुसऱ्या दिवशी धुळ्याहून सुरतची गाडी पकडून गेला. एकटाच. जाताना वहिनीने त्याच्याजवळ नातींसाठी शेव-लाडू आणि बाजरीचं पीठ दिलं. त्याने ते पायाशी ठेवलं आणि म्हणाला, "दिवाळीला मुलींना घेऊन येतो. त्यांना सुट्टी आहे." विषय त्याने पुन्हा काढला नाही, त्याने शब्द पाळला.

वहिनी गावात राहिली. वरच्या अर्ध्यातली कपाशी निम्मीच हाती आली, तीही बोंडं लहान. दुसऱ्या वर्षी बाभूळ पुन्हा उगवली, आदल्या वर्षीपेक्षा कमी, पण उगवली. नाल्यातली झाडं अजून उभी आहेत. ती आमची नाहीत, त्यांना हात लावता येत नाही. मेंढपाळ उन्हाळ्यात विचारायला आला, तेव्हा वहिनीने त्याला ओट्यावर बसवून जेवू घातलं आणि सांगितलं की आधी कळप चार-सहा दिवस दुसरीकडे चारून आण, शेंगांशिवाय, मग बसव. तो हसला. म्हणाला, एवढ्या मेंढ्यांना मी शेंगांपासून दूर कुठे नेऊ? ते तिलाही पटलं, आणि मेंढ्या बसवणं तिथेच राहिलं. वहिनी आता शेण गोळा करून उकिरड्यात चांगलं कुजवते आणि मगच वावरात टाकते.

मी अजून जाते. दर रविवारी नाही, पण पाऊस सुरू झाला की सलग जाते. सकाळी वावरात पोहोचलं की वहिनी आधीच ओळीत असते. ती मान वर करत नाही, फक्त शेजारची ओळ हाताने दाखवते. मी पदर खोचते, चप्पल बांधावर काढते आणि बसते.